ती गेली तर आजींचे काय?

बोरिवली पश्चिमेला चिकूवाडीच्या बाजूस माझ्या एक जुन्या रुग्ण आजी राहतात. वय ८१. पालिकेच्या नव्हे, एका खाजगी मराठी शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवले. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वाणी जड झाली, पण शाबूत राहिली. बुद्धी तर पूर्वीइतकीच तल्लख. मुलगा-सून दोघेही नोकरी करणारे. तेव्हा अशा घरांत होते तेच झाले : ब्यूरोला फोन गेला आणि बारा तासांच्या दिवसपाळीसाठी एक मुलगी आली.

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकलेली, बारावी कला शाखेतून उत्तीर्ण, वय वीसच्या आतबाहेर. आठवडाभर इतर मुलींबरोबर नालासोपाऱ्याच्या एका खोलीत राहायची आणि महिन्यातून एकदा डहाणूच्या गाडीने घरी जायची.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी गेलो, की नाडी आणि रक्तदाब पाहण्याआधी मी त्याला कुशीवर वळवून माकडहाडाजवळची त्वचा पाहतो. शुश्रूषा कशी चालली आहे याचा खरा दाखला तिथे मिळतो. तिथे लाली दिसली तर बोटाने दाबून पाहावे. बोट उचलल्यावर त्वचा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लाली जशीच्या तशी राहिली तर समजावे, की अंथरुणाचा व्रण, म्हणजे ज्याला आपण बेडसोअर म्हणतो तो, सुरू झाला आहे. आजींची पाठ सहा महिन्यांनंतरही स्वच्छ होती. टाचा, खुबे, कोपरे, सारे स्वच्छ.

मी त्या मुलीला विचारले, ‘किती वेळाने कूस बदलतेस?’ तिने स्वयंपाकघराच्या दारामागचे कालनिर्णय काढून आणले. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने पेन्सिलीने रकाने आखले होते. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळेपुढे ‘डावी’, ‘उजवी’ किंवा ‘पाठ’. खाली पाणी किती पेले, लघवी किती वेळा, पेज घेताना ठसका लागला का. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आजींना इस्पितळातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरांनी सुनेला जे सांगितले ते सुनेने हिला सांगितले, आणि बाकीचे हिने आपल्या बुद्धीने रचले.

निघताना ती दारापर्यंत आली आणि चपला घालत असताना हळूच म्हणाली, ‘डॉक्टर, मला खरी नर्स व्हायचंय. होता येईल का?’

मी विचारले, ‘बारावीला सायन्स होते का?’

‘नाही. आर्ट्स.’

‘मग नाही होता येणार, बाळ.’

एवढे बोलून मी लिफ्टचे बटण दाबले. त्या उत्तराला अर्धे मिनिटही लागले नसेल, आणि ते साफ चुकीचे होते.

ते चुकीचे होते हे मला पुढच्या वर्षी कळले. एका दुसऱ्या रुग्णाच्या निमित्ताने मी एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो होतो. तिथल्या वयस्क प्रभारी परिचारिकेशी बोलताना या मुलीचा विषय सहज निघाला. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, मी स्वतः आर्ट्सची आहे.’ मला पुढे काही बोलता येईना. इंटर्न असताना पहिल्या रात्री माझ्या थरथरत्या हातून सलाईनची सुई शिरेत जाईना, तेव्हा एका स्टाफ सिस्टरने माझा कोपर धरून ती घालून घेतली होती. तेव्हापासून आजवर सिस्टरांच्या भरवशावर मी वैद्यकी केली, पण त्या सिस्टर कशा होतात हे विचारायचे मला कधी सुचले नाही.

ज्यांच्या घरात अशी एखादी मुलगी काम करते आहे त्या वाचकांसाठी, बाईंनी मला जे समजावले ते इथे देतो. परिचर्येचे शिक्षण मुख्यत्वे तीन वाटांनी होते. पहिली ए.एन.एम.; दोन वर्षांची, प्रसूती आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी. दुसरी जी.एन.एम.; तीन वर्षांची पदविका. रुग्णालयांच्या वॉर्डांत दिसणाऱ्या कित्येक परिचारिका याच वाटेने आलेल्या असतात. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. या तिसऱ्या वाटेलाच बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, आणि तिच्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या दोन वाटा कला शाखेच्या मुलींनाही खुल्या आहेत. जी.एन.एम.ला बारावी इंग्रजीसह उत्तीर्ण, किमान ४० टक्के गुण आणि वयाची १७ वर्षे पूर्ण, एवढे मूळ निकष. प्रवेशाच्या पद्धतीचे तपशील वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. माझ्यासारख्या डॉक्टरच्या ऐकीव ज्ञानावर विसंबू नये.

मधल्या वर्षात त्या मुलीचे काय झाले? मी ‘नाही’ म्हटल्यावर तिने दुसरीकडे चौकशी केली. एका रेल्वे स्टेशनाजवळच्या इमारतीत, गाळ्यावर पाटी लावून चालणाऱ्या एका संस्थेने तिला सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देण्याचे कबूल केले. पस्तीस हजार रुपये घेतले. आठवड्यातून दोन दिवस वर्ग, एक पांढरा कोट आणि शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र तिने मला कौतुकाने दाखवले तेव्हा त्यावर परिषदेच्या मान्यतेचा उल्लेख कुठेच नव्हता. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा आहे. या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकून नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीवाचून रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी नाही. त्या पस्तीस हजारांतले निम्मे तिने आजींच्या घरच्या पगारातून साठवले होते. उरलेले वडिलांनी भाताच्या पैशातून दिले होते. मी लिफ्टपाशी दोन मिनिटे थांबलो असतो तर ते पैसे वाचले असते.

इथे जाता जाता एक सांगून ठेवतो. पांढरा कोट घातला म्हणून ब्यूरोची मुलगी परिचारिका होत नाही, हे तुमच्या-माझ्या हिताचेही आहे. रुग्णाला भरवणे, स्वच्छ करणे, कूस बदलणे, चालवणे ही कामे चांगली मदतनीस उत्तम करते. परंतु नाकातली नळी घालणे, लघवीची नळी बदलणे, शिरेतून इंजेक्शन देणे ही कामे तिच्याकडून करून घेऊ नयेत, ती ‘येतं मला’ म्हणाली तरी. ब्यूरोने ‘नर्स’ म्हणून पाठवले असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. त्यात संकोच नको.

आता मूळ गोष्टीकडे. त्या उन्हाळ्यात मी आजींच्या घरी जाऊन माझी चूक कबूल केली आणि मुलीला अर्ज करायला सांगितले. ती काहीच बोलली नाही, फक्त हातातला टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करीत राहिली. बोलला तो आजींचा मुलगा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, एरवी अतिशय सौम्य. म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्ही आमचे की तिचे? ती गेली तर आईचं काय?’

त्या प्रश्नाला मी आजही स्वार्थी म्हणणार नाही. दीड वर्षात आजींना एक व्रण झाला नव्हता, एकदाही फुप्फुसात अन्न गेले नव्हते, आणि सून पुन्हा कामावर जाऊ शकली होती. ज्या घराने पाच मदतनिसा बदलून सहावी नीट मिळालेली असते, त्या घराला ‘तिला जाऊ द्या’ असे सांगणे सोपे नाही. आजी तर रागावल्याच. दोन दिवस त्यांनी तिच्या हातून पेज घेतली नाही.

आणि पाड्यावरून वडील आले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. पैशांचे त्यांनी विचारलेच नाही. एवढेच म्हणाले, ‘रातपाळी असते ना डॉक्टरसाहेब? रातच्याला पोरीकडं कोण बघणार?’

मुंबईत वैद्यकी करणाऱ्या माझ्या पिढीच्या माणसाला या प्रश्नापाशी एकच नाव आठवते. अरुणा शानभाग. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूर गावची मुलगी, परिचर्या शिकायला मुंबईत आली आणि परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका झाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, तेव्हा ती पंचविशीची होती. गळा आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधीही उठली नाही. परिचारिकांनी संप केला. सुरक्षिततेची मागणी केली. वडिलांची भीती अनाठायी आहे असे म्हणणे मला शक्यच नव्हते. मी त्यांना वसतिगृह कुठे असते, रात्रपाळीला किती जणी असतात, हे त्या प्रभारी बाईंना फोन लावून थेट विचारायला लावले. बाईंनी त्यांच्याशी अर्धा तास बोलणे केले. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही.

पण अरुणाच्या हकिकतीची दुसरी बाजूही आहे, आणि या पाक्षिकाच्या वाचकांच्या दृष्टीने ती अधिक जवळची आहे. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. तिला तेथून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा त्यांनी विरोध केला. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट खुली केली, पण अरुणाच्या बाबतीत ते नाकारले आणि तिचे आप्त म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. या खटल्यात एक गोष्ट नोंदली गेली : तीन दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या या बाईला एकही बेडसोअर झाला नव्हता. घरी रुग्ण असलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. एका रुग्णाची कूस दिवसातून बारा वेळा, वर्षाला चार हजारांहून अधिक वेळा बदलायची. ते करणाऱ्या हातांच्या पिढ्या बदलल्या. विद्यार्थिनी म्हणून आलेल्या मुली निवृत्त होऊन गेल्या. अरुणाला ज्यांनी हल्ल्यापूर्वी पाहिलेही नव्हते त्या मुलींनी ते केले. नुसत्या मायेने हे होत नाही. त्याला पाळ्या लागतात, नोंदी लागतात, एकीने दुसरीच्या हाती रुग्ण सोपवण्याची शिस्त लागते. ती शिस्त शिकवावी लागते.

‘चांगल्या घरच्या मुलींनी हे काम करू नये’ हे ज्येष्ठांनी आपल्या लहानपणी ऐकलेले असेल. मुंबईत १८९१ साली परिचर्येच्या शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव या क्षेत्राच्या इतिहासात पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून घेतले जाते. त्यानंतर काही वर्षांनी पुण्यात सेवासदन उभे राहिले, १९०९ साली. त्याच्या प्रमुख रमाबाई रानडे. न्यायमूर्तींची पत्नी म्हणून आपण त्यांना पुण्याच्या समजतो, पण त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातले. पुढे यशवंतराव चव्हाणही तिथेच जन्मले. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. अशा बाईंनी पुढे सेवासदनातल्या मुली, त्यांत तरुण विधवा पुष्कळ, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवल्या. परपुरुषाला स्पर्श, परजातीच्या माणसाचे मलमूत्र, रात्री घराबाहेर, असे सगळे आक्षेप निघाले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. आज ते आक्षेप कोणी मोठ्याने घेत नाही. घराघरांतून आता निराळा अडसर येतो : आम्हालाच तिची गरज आहे.

आजींचा राग तिसऱ्या दिवशी गेला, किंवा त्याने रूप बदलले असे म्हणू. जी.एन.एम.ची पुस्तके इंग्रजीत असतात. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे. आश्रमशाळेतून आलेल्या कित्येक मुली तिथेच धीर सोडतात, असे बाई म्हणाल्या होत्या. हे आजींच्या कानावर गेले. त्यांनी मुलीला कपाटातून जुना शब्दकोश काढायला लावला आणि जड जिभेने फर्मावले, ‘रोज दहा शब्द. स्पेलिंगसकट. चुकलीस तर जायचं नाही.’ पुढे तीन महिने कूस बदलता बदलता त्या घरात ‘ॲब्डोमेन’ आणि ‘इन्फ्लमेशन’ यांची घोकंपट्टी चालली. उच्चार चुकला, की आजी उजव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर चमचा आपटायच्या.

त्याच तीन महिन्यांत सुनेने सुट्टीच्या दिवशी सगळी कामे तिच्याकडून शिकून घेतली. रुग्णाला ओढायचे नाही, चादरीसकट उचलून सरकवायचे. भरवताना पाठ ताठ, मान किंचित खाली, आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही. लाल झालेल्या जागी चोळायचे नाही. त्याने आतली इजा वाढते. नवी मदतनीस आली ती आठवडाभर जुनीच्या बरोबरीने राहिली. त्या आठवड्याचा दुहेरी पगार मुलाने दिला. थोडा कुरकुरत, पण दिला. चांगली मुलगी अचानक निघून जाते तेव्हा जी दैना होते तिच्यापुढे हा खर्च काहीच नाही, असे मी त्याला म्हणालो. तो हसला नाही.

दाखल्यांची कथा वेगळीच. जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, उत्पन्न. तहसील कचेरीच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला एक दिवसाचा पगार बुडालेला. जुलैत प्रवेश घ्यायचा तर हे काम जानेवारीत सुरू करावे, एवढेच सांगतो. तिला एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी परिचर्या विद्यालयात जागा मिळाली. वसतिगृह आहे, आणि फी खाजगी संस्थेच्या मानाने पुष्कळच कमी.

तिच्या जाण्याची किंमत आजींनी मोजली, हे लपवत नाही. नवी मुलगी मनाने चांगली, पण दुपारी झोप अनावर होणारी. चौथ्या महिन्यात आजींच्या डाव्या टाचेला व्रण झाला. लहानच, रुपयाएवढा, पण वयामुळे आणि मधुमेहामुळे तो भरायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे मुलगा माझ्याशी कामापुरतेच बोलत असे. मी ड्रेसिंग करायला जायचो आणि चहा न घेता परतायचो.

यंदा गणपतीच्या सुट्टीत ती बोरिवलीला येऊन गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी नेमका तिथे होतो. आजींच्या पायांशी वाकली ती नमस्काराला, पण नमस्कार राहिला बाजूला. तिने पांघरूण वर केले आणि टाच पाहिली. टाचेखाली हवा भरलेली रबरी रिंग होती. व्रण झाला तेव्हा कोणीतरी आणून दिलेली, आणि मी दोन-तीन भेटींत ती पाहूनही काही न बोललेलो.

‘डॉक्टर, ही आता वापरत नाहीत ना?’ ती म्हणाली. ‘कडेनं दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी ठेवायची.’

तिने रिंग काढली, पोटरीखाली उशी लांबट घडी करून सरकवली, आणि टाच व गादी यांच्यामधून आपला हात आरपार फिरवून दाखवला. नव्या मुलीलाही तसाच फिरवायला लावला. आजींनी विचारले, ‘हील म्हणजे टाच. दुसरं हील म्हणजे काय?’

‘भरून येणं,’ ती म्हणाली. ‘एच, ई, ए, एल.’

मुलगा आतून चहा घेऊन आला. दोन कप होते. एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी.